वडिलांचे पुस्तक आणि गाविलगड

प्रवासाला निघताना माणसाने दोन वस्तू बरोबर घ्याव्यात, असे आमचे वडील म्हणत: एक दोरी आणि एक पुस्तक. दोरी आम्ही विसरलो. पुस्तक मात्र आईने स्वतः ट्रंकेतून काढून दिले. वडिलांनी साठ वर्षांपूर्वी विकत घेतलेले, पाठीला खळ लावून सांधलेले ते वऱ्हाडचे मार्गदर्शक. त्यात गाविलगडाच्या पानावर 'खानतलाव: बारमाही गोड पाणी' या ओळीखाली वडिलांची पेन्सिलीची रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते, 'येथे डबा'. तो डबा सुटायचा राहूनच गेला. वडील गेले, आई पंच्याहत्तरीला आली.

आमचे शालक धारणीला शिक्षक आहेत. गेल्या एप्रिलात सौ., आई व धाकटी कन्या यांच्यासह मी त्यांच्याकडे उतरलो. 'अकोल्याहून खांडव्याच्या लहान गाडीने धूळघाटास उतरावे,' असे पुस्तकाचे म्हणणे. घाट चढताना तिथे गाडी वळसा घेऊन आपल्याच रुळांवरच्या पुलावरून जाते, हे वर्णन मी कन्येला वाचून दाखवले. तिचा साधा प्रश्न, "मग आपण त्या गाडीने का नाही जात?" ती मीटरगेज गाडी २०१७ साली बंद झाली. आम्ही अकोटावरून एस.टी.ने हाडे खिळखिळी करीत गेलो.

दुसऱ्या दिवशी शालकांच्या जीपमधून सेमाडोहमार्गे चिखलदरा व तिथून गड. आता पुस्तकाची बाजूही सांगितली पाहिजे. इतिहास त्याने चोख दिला होता. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने गड बांधला, पुढे तो एलिचपूरच्या इमादशाहीकडे गेला, १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने तो भोसल्यांकडून घेतला व किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दिल्ली दरवाजाशी मात्र पुस्तक 'सिंहांची चित्रे' एवढेच म्हणून थांबते. कन्या ओरडली, "बाबा, या पक्ष्याला दोन तोंडं आहेत!" खरेच, पंजांत हत्ती धरलेला गंडभेरुंड! इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला हा मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी युद्धात पकडला गेलेला मुलगा. गंडभेरुंडही कानडी मुलखातलाच. ही सांगड माझी. ती कोणा संशोधकाच्या माथी मारू नये.

वीस वर्षे मी वर्गात महानुभावांची 'स्थानपोथी' शिकवतो आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, ती स्थाने कोणत्या गावात, गावाच्या कोणत्या दिशेस, देवळाचे दार कुठे, हे सांगणारा हा चौदाव्या शतकातला ग्रंथ. मराठीतले पहिले गाइडबुकच म्हणा ना! पंथाची मंडळी तिच्या आधारे ती स्थाने ओळखतात. मी मात्र ती हातात घेऊन एकही वाट चाललेलो नाही.

खानतलावाशी पोचेतो दुपारचे दोन झाले. 'बारमाही गोड पाणी' आहे म्हणून दोनच बाटल्या घेतल्या होत्या, त्या केव्हाच संपल्या. तळ्यात शेवाळाची हिरवी साय. आईचे ओठ सुकले होते. ती एका दगडावर बसली ती बोलेचना. सौ. म्हणाली, "अहो, पुस्तक मिटा आता." तिने ते रागाने म्हटले असते तर बरे वाटले असते.

गुरे राखणारा एक कोरकू पोरगा लांबून आमच्याकडे बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "हे पानी ढोरंबी नाई पेत. चाल माय, झिरा हाय." आणि त्याने आईचा हात धरला. तटाच्या उतारावर, एका जुन्या आंब्याखाली, वीतभर खळग्यात पाणी पाझरत होते. पोराने आधी वरचे पाणी उपसून टाकले, नवे भरू दिले, मग पानाचा द्रोण करून पहिला आईला दिला. पाच-सहा द्रोण झाले तेव्हा कुठे ती म्हणाली, "डबा काढा."

पुरणपोळीची पहिली घडी तिने त्या पोराला दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पेन्सिल आहे का रे? यांच्या रेघेखाली लिही. तळ्यापासून उत्तरेस, तटाकडे उतरताना आंब्याखाली झिरा. पाणी गोड. आणि पोराचं नाव विचार, तेही लिही."