तिने लिहावे

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. संसार मात्र बराचसा तिसऱ्यावर चालतो, हे पुढे कळते.

मला याची आठवण करून दिली ती स्पॅनिश भाषेने. माझी भाची यंदा द्राक्षशेती शिकायला स्पेनला गेली. नाशिकच्या मुलीने द्राक्षांमागे जावे यात नवल नाही. पण तिच्यापायी ती भाषा घरात शिरली, आणि मी मराठीचा मास्तर! तिच्या वहीत डोकावल्यावाचून मला राहवेना.

‘आब्लास’ म्हणजे तू बोलतोस. ‘आब्लेस’ म्हणजे तू बोलावेस. ‘आ’चा ‘ए’ झाला, बस्स! ज्या नियमित धातूंना मुळात ‘ए’ असतो, त्यांचे उलट. ‘कोमेस’, तू खातोस. ‘कोमास’, तू खावेस. ‘एस्क्रिबेस’, तू लिहितोस. ‘एस्क्रिबास’, तू लिहावेस. एका स्वराच्या फरकाने घडणारी गोष्ट नुसती हवीशी होऊन बसते.

खरी मौज पुढेच आहे. इच्छा स्वतःपुरती असेल तर हे रूप लागत नाही. ‘किएरो एस्क्रिबिर’, मला लिहायचे आहे, एवढ्यावर भागते. इच्छा माझी आणि लिहिणार दुसरे कोणी, असे झाले की मध्ये ‘के’ येतो आणि स्वर बदलतो: ‘किएरो के एस्क्रिबास’. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? ‘मला लिहायचे आहे’. पण ‘तिने लिहावे असे मला वाटते’.

भाचीचे सामान बांधून होत आले, तेव्हा मेहुणे एकदम म्हणाले, “शिक्षण संपलं की सरळ परत ये.” पोर गप्प झाली. बहीण चिवड्याच्या पिशवीचे तोंड बांधत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “यावंसं वाटलं तर यावं. दर आठवड्याला दोन ओळी मात्र लिहाव्यात.”

“लिहीन,” भाची म्हणाली. ‘येईन’ म्हणाली नाही. बहिणीनेही विचारले नाही.

स्पॅनिशमध्ये ‘ओहाला’ असा एक शब्द आहे. तो अरबीतून आला. मूळ अर्थ, देवाची इच्छा असेल तर. आपल्या ‘देव करो’चा तो भाऊच. ७११ साली अरब स्पेनमध्ये आले, १४९२ साली त्यांचे शेवटचे राज्य गेले. शब्द राहिला, आणि त्याच्यामागून आजही हेच इच्छेचे रूप येते. दुसऱ्याच्या क्रियापदावर आपली सत्ता चालत नाही, हे दोन्ही भाषांनी केव्हाच ओळखले आहे. सत्ता संपते तिथे त्यांनी एक स्वर बदलावा, आपण एक ‘वे’ जोडावा, आणि दोघांनीही वाट पाहावी.