बाळंतविड्यातली साबणाची वडी

आम्हा इंदूरकडच्या मराठी घरांत बाळंतपणाचा विषय निघाला, की डिंकाचे लाडू, शेकशेगडी, ओव्याची धुरी, सव्वा महिना, सगळं निघतं. हातांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आमची आई बोलायची, म्हणून आज तिच्याबद्दल लिहिते.

आई रामबागेत वाढली आणि १९६१ साली एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागली. तिथल्या मोठ्या सिस्टरांचा दरारा होता. हातात बांगडी नाही, नखं कापलेली, आणि एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे जाताना मधे साबण. तेव्हा बाळं आईजवळ नसायची, वेगळ्या खोलीत ओळीने ठेवत. आई सांगायची, एका बाळाच्या मांडीवर पिवळे फोड दिसले की आठवड्याभरात चार पाळण्यांत दिसायचे. मग घरी गेलेली एखादी बाळंतीण छातीत गळू घेऊन परत यायची. बाळाच्या नाकातून आईच्या दुधाच्या जागी. "त्या पोराचा काय दोष? आमच्या हातांनीच त्याला दिलेला असायचा," असं ती स्पष्ट म्हणायची.

हे फक्त आपल्याकडचं नव्हतं, हे मला पुढे वाचून कळलं. १९५० नंतरच्या दशकात सिडनीच्या प्रसूतिगृहांत याच जंतूने, स्टॅफिलोकॉकस ऑरियसने, बाळं आणि आया दोघांना गाठलं होतं. पेनिसिलिनला तो दाद देत नव्हता. पुढे कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, सगळीकडे तेच. बाळाला आईच्या खाटेजवळच ठेवायचं, हा त्यावरचा एक उपाय ठरला. आपल्या आज्यांना त्यात नवल वाटलं नसतं!

हा जंतू काही बाहेरून उडत येत नाही. साधारण दर तिघांपैकी एकाच्या नाकात तो मुकाट्याने राहत असतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण चार दिवसांच्या बाळाची कातडी, ओली नाळ, सिझेरियनचे टाके, चिरलेलं स्तनाग्र, एवढी वाट त्याला पुरते. पेनिसिलिन चालेना म्हणून १९५९ साली मेथिसिलिन आलं. १९६१ मध्ये इंग्लंडात त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. औषध जिथे जाऊन चिकटायचं, ती जागाच त्यांनी बदलली होती. म्हणून त्या घराण्यातली बहुतेक औषधं त्यांच्यावर वाया जातात. यालाच डॉक्टर एमआरएसए म्हणतात.

२०१९ मध्ये हे नाव आमच्या घरात आलं. भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सिझेरियन झालं, पाचव्या दिवशी घरी आली. सातव्या दिवशी बाळाच्या मानेवर आणि लंगोटाच्या जागी बारीक पुवाचे फोड. साध्या औषधाने फरक पडेना. दहाव्या दिवशी बाळ दूध ओढेना, नुसतं पडून राहू लागलं. तिकडे भाचीची डावी छाती दगडासारखी घट्ट, लाल, अंगात ताप. पुवाची तपासणी झाली आणि दोघांचा रिपोर्ट एकच आला. बाळाला भरती करून शिरेतून व्हॅन्कोमायसिन सुरू केलं, भाचीचं गळू कापून काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध काढत राहायचं, थांबवलं तर आणखी साचेल. भाची रडत रडत काढायची. बारशाची चांदीची वाटी कपाटातच राहिली.

दोन आठवड्यांनी बाळ घरी आलं आणि खरी परीक्षा सुरू झाली. पाहुण्यांची! आई तेव्हा ७९ वर्षांची. तिने बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकली. शेजारी बादली, तांब्या, साबण. एक जवळच्या काकू रागावल्या, "आम्ही काय परके आहोत का गं?" आई म्हणाली, "परकी नाहीस म्हणूनच सांगून राहिले. माझ्याही नाकात असेल तो, तुझ्याही असेल. हात धू, लांबून बघ, पापा घ्यायचा नाही. बाहेर पोहे-जिलबी मांडलेत, ते खा." काकू वर्षभर बोलल्या नाहीत. आईला त्याचं काही वाटलं नाही.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा पूर्वीचं घरचं बाळंतपण बरं. आई हे ऐकूनही घ्यायची नाही. घरच्या विळ्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन गेलेली बाळं तिने पाहिली होती. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते लसीमुळे आणि दवाखान्यातल्या स्वच्छ बाळंतपणांमुळे. दवाखाना हवाच. पण बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, मग डॉक्टर का असेना, "हात धुतलेत का?" असं विचारायची लाज नको. नाळेला तेल-हळद लावू नका, कोरडी ठेवा. फोड आले तर घरात उरलेल्या गोळ्या देऊ नका. पू तपासून मगच औषध ठरू द्या. बाळ दूध ओढेनासं झालं तर सकाळची वाट बघू नका.

आई गेल्या वर्षी गेली. आमच्याकडच्या बाळंतविड्यात आता झबली-टोपडी, डिंक-खारकेबरोबर साबणाची एक वडी असते. देताना सांगायचं, ही बाळासाठी नाही, बघायला येणाऱ्यांसाठी. तुमच्या घरीही ठेवून बघा.