मोस्तारला जाण्याआधी व्हिसावरचा एक रकाना वाचा

आपल्या घरांतली बरीच मुले आता जर्मनीत नोकरीला आहेत. आई-वडील त्यांच्याकडे सुट्टीत जातात, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर युरोपातला एखादा मुस्लिम मुल्क बघून घेऊ, असे मनात येतेच. माझ्या अम्मीची तर ती जुनी हौस. 1993 च्या सुमारास बोस्नियात युद्ध पेटले होते, तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत दर जुम्याला तिथल्या लोकांसाठी दुआ व्हायची. "ज्यांच्यासाठी एवढे हात उचलले, त्यांच्या मशिदीत दोन रकात पढायच्या आहेत," असे ती म्हणायची.

2025 च्या मे महिन्यात धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा हे जमवायचे ठरले. आधी क्रोएशियातले दुब्रोवनिक, तिथून बसने मोस्तार आणि साराएव्हो. नकाशावर सगळे शेजारी-शेजारी. घोटाळा नकाशात दिसत नाही, तो पासपोर्टात असतो.

शेंगेन व्हिसावर 29 देश फिरता येतात. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून त्यांत आहे, बोस्निया-हर्झेगोव्हिना नाही. म्हणजे दुब्रोवनिकहून मोस्तारला निघालात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत आत यायचे तर व्हिसावर दुसरा प्रवेश शिल्लक हवा. व्हिसाच्या चिकटपट्टीवर प्रवेशांच्या संख्येचा रकाना असतो. तिथे 'एमयूएलटी' अशी इंग्रजी अक्षरे असतील तर कितीही वेळा ये-जा करता येते. '01' असेल तर एकदाच. बाहेर पाऊल टाकले की तो व्हिसा संपला, मग त्यावर कितीही दिवस उरलेले असोत. बोस्नियाचा नियमही याच रकान्याशी जोडलेला आहे. अनेक प्रवेशांचा चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथे 30 दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. एकाच प्रवेशाचा असेल तर बोस्नियाच्या वकिलातीतून वेगळा घ्यावा लागतो. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी वकिलातीचा ताजा नियम बघावाच.

हे सगळे मला दुब्रोवनिकच्या खोलीत, बसच्या आदल्या रात्री कळले. भावाने तिकिटांबरोबर पासपोर्ट रचून ठेवले आणि अम्मीच्या पासपोर्टावर थांबला. माझ्या आणि यांच्या व्हिसावर अनेक प्रवेश, अम्मीच्या व्हिसावर '01'. तिचा अर्ज मागाहून गेला होता. एजंटाने 'एक प्रवेश' या चौकोनात खूण केली आणि खाली अम्मीची सही घेताना मी वाचून पाहिले नाही. वर्गात मुलांना "प्रश्न नीट वाचा" असे वीस वर्षे सांगणारी मीच.

अम्मी काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही दोघे जा. तिकिटे वाया घालवू नका. माझ्या नावाने दुआ करा." भाऊ तिच्याजवळ थांबला. आम्ही गेलो खरे, पण मन लागले नाही.

रस्त्याबद्दल एक गोष्ट सांगते. किनाऱ्यावर नेऊम नावाच्या गावापाशी बोस्नियाची एक चिंचोळी पट्टी समुद्राला टेकते आणि क्रोएशियाचे दोन तुकडे करते. जुलै 2022 मध्ये पेल्येशाचचा पूल सुरू झाल्यापासून स्प्लिट ते दुब्रोवनिक हा प्रवास बोस्नियात न शिरता करता येतो. तरी एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बस पुलावरून जाणार की नेऊमवरून, हे तिकीट घेतानाच विचारा. भाड्याची गाडी असेल तर सीमा ओलांडायची लेखी परवानगी आणि बोस्नियात चालणारा विमा घ्या. आरोग्य विमाही तपासा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचा लागतो, पण तो बोस्नियात लागू असेलच असे नाही. आमच्या वेळी सीमेवर शिक्के मारत. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, त्यामुळे रांगेसाठी जास्तीचा वेळ धरा.

बोस्नियात चलन मार्क. एका युरोला जवळजवळ दोन मार्क बसतात. युरोपीय संघातले सिमकार्ड तिथे महाग पडते, म्हणून स्थानिक सिम घेतले. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलवाले करतात. कुणाच्या घरी राहणार असाल तर यजमानाला त्याबद्दल आधी विचारा. डोंगरात पायवाट सोडून भटकू नका, युद्धातले सुरुंग अजून आहेत. कवटीच्या चित्राची लाल पाटी दिसली की मागे फिरा. आणि मुस्लिम मुल्क म्हणून डोळे मिटून जेवू नका. तिथे क्रोएट आणि सर्ब लोकही राहतात, हलाल आहे का हे विचारावे लागते. विचारलेले कुणाला खटकत नाही.

मोस्तारचा जुना पूल 1566 चा. 9 नोव्हेंबर 1993 ला तोफगोळ्यांनी तो नेरेत्वा नदीत पाडला, पुन्हा बांधून 2004 मध्ये खुला केला. दगड इतके गुळगुळीत की चप्पल घसरते. म्हाताऱ्या माणसाचा हात धरायला हवा. मला तिथे अम्मीच्या हाताची आठवण आली.

साराएव्होत गाझी हुसरेव बेग मशीद 1531 ची. पर्यटकांना तिकीट आहे, नमाजीला नाही. शेजारच्या मनोऱ्यावरचे घड्याळ बघून आम्ही चक्रावलो, आपल्या घड्याळाशी त्याचा मेळच बसेना. ते मगरिबला बारा वाजवते! सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून काटे जुळवायला माणूस नेमलेला असतो. आम्ही मुसाफिर, कस्र पढलो, आणि अम्मीच्या नावाने दुआ मागितली. असरच्या अजानला तिला फोन लावला. पलीकडून ती एक शब्द बोलली नाही, शेवटपर्यंत ऐकत राहिली.

दुब्रोवनिकला परतलो तेव्हा तिच्याकडेही सांगण्यासारखे होते. तिथल्या जुन्या शहरात एक लहानशी मशीद आहे. भाऊ तिला तिथे घेऊन गेला होता. एक बोस्नियन बाई भेटली, तिने हट्टाने कॉफी पाजली. भाषा एकमेकींना येत नव्हती. सलाम, अलहम्दुलिल्लाह आणि बोटांवर नातवंडे मोजून दाखवणे, एवढ्यावर तासभर गप्पा झाल्या.

यंदा तिचा अर्ज पुन्हा भरला. सही करण्याआधी तिने मला समोर बसवून एकेक रकाना मोठ्याने वाचायला लावला.