बर्फातला माड

आमच्या परसात एक माड आहे, असे म्हटले तर कोकणातला कोणीही मला वेड्यात काढील. कारण हे परस न्यू जर्सीत आहे आणि हिवाळ्यात तिथे गुडघाभर बर्फ साचते. शिवाय तो माड नव्हेच. पंख्यासारखी पाने आणि खोडभर केसाळ काथ्या, असे हे चिनी ध्यान! रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या स्कॉच गृहस्थाने १८४९ मध्ये याची रोपे चीनमधून इंग्लंडला धाडली, म्हणून शास्त्रीय नावात तो जाऊन बसला. चिनी शेतकरी मात्र याच काथ्याची इरली पांघरून पावसात कामे करीत. हे वाचले आणि मी रोप विकत आणले. इरल्याचे झाड परके कसे मानावे?

बायको म्हणते, वाडी विकली त्याच वर्षी हे खूळ तुमच्या डोक्यात शिरले. खरे आहे. २००९ साली दादाने आमची पोफळीची वाडी विकली. मी सही दिली. पण सोबतच्या पत्रात त्याला नाही नाही ते लिहिले. वाडी कसून पाठ मोडली त्याची, आणि हळहळ माझी!

दर डिसेंबरात मी पाने वर बांधतो, बुंध्याशी गवत रचतो आणि जुन्या पद्धतीच्या दिव्यांची माळ गुंडाळतो. नव्या माळांना ऊब नसते. आमची दिवाळी मार्चपर्यंत चालते अशी शेजाऱ्यांची समजूत आहे; ती मी खोडून काढलेली नाही.

२०१४ च्या जानेवारीत एका पहाटे पारा शून्याखाली १६ अंशांवर उतरला. मार्चमध्ये गुंडाळी सोडली, तो पाने गवताच्या रंगाची. मधला कोंब सहज ओढला आणि तो अलगद हातात आला. बुडाशी तो वास! लहानपणी वाडीत घेतलेला. या जातीला फांद्या नाहीत. एकच शेंडा, तो गेला की झाड गेले.

पाच वर्षांनी मी दादाला फोन केला. कसा आहेस, कुठे आहेस, काही नाही.

"कोंब हाताला आला? कुजके खरवडून काढ. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजव, लोखंडाच्या भांड्यात नको. चकचकीत सुरी बुडवून बघ; तांबूस झाली तर चुना कमी. लेप लाव, वर झाकण घाल."

"आणि मग?"

"मग थांब."

मी त्या प्रमाणाचा दहावा हिस्सा बादलीत कालवला. जूनच्या अखेरीस शेंड्यातून हिरवे टोक वर आले, कात्रीने कापल्यासारखे तुटके. मी लगेच छायाचित्र काढून दादाला पाठविले. वाडीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

त्याचे उत्तर एका ओळीचे होते : "चुना जास्त झालेला दिसतो."