खोक्यातली बाहुली

छंदाचे नाव सांगताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, त्यांचा आम्ही पुष्कळ अभ्यास केला आहे. टपालाची तिकिटे जमवतो म्हटले की माणूस आदराने मान डोलावतो. जुनी नाणी म्हटली की थोडा जवळ सरकून बसतो. परंतु पिकल्या केसांच्या निवृत्त मास्तराने ‘आम्ही बाहुल्या जमवतो’ असे सांगितले, की तो प्रथम आमच्याकडे पाहतो, मग आमच्या घरच्या माणसांकडे पाहतो आणि हातातला चहा लगबगीने संपवतो. त्यातून या बाहुल्या आम्ही खोक्यातून कधीच बाहेर काढीत नाही हे त्याला कळले, म्हणजे मग निरोप घेण्यास फारसा वेळ लागत नाही.

वस्तुतः या छंदाचा उगम अगदी निरुपद्रवी होता. बेळगावच्या एका मराठी शाळेत आम्ही भूगोल शिकवीत असू. १९७८ साली मुलांची सहल घेऊन दिल्लीस गेलो असता शंकर यांचे बाहुल्यांचे संग्रहालय पाहण्याचा योग आला. व्यंगचित्रकार शंकर यांना मुलांच्या स्पर्धेतील बक्षीस म्हणून हंगेरीच्या राजदूताने एक बाहुली दिली, तिचा त्यांना मोह पडला आणि त्या मोहातून १९६५ साली हे संग्रहालय उभे राहिले. जे देश आम्ही फळ्यावर खडूने काढीत होतो, ते तेथे काचेच्या कपाटांत आपापल्या पोशाखात उभे होते. आमचे विद्यार्थी त्या दिवशी जेवढा भूगोल शिकले, तेवढा वर्षभरात शिकले नसतील.

पुढे धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेस गेली. दादाला काय पाठवावे, हा तिला प्रश्न पडला असावा. १९८३ साली तिने एक बाहुली पाठवली. तिकडे बार्बी नावाची जी प्रसिद्ध बाहुली आहे, तिचीच ही भारतीय आवृत्ती. रूथ हँडलर या बाईंनी आपल्या मुलीच्या नावावरून बार्बीचे नाव ठेवले आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत तिला लोकांपुढे आणले. त्या वेळी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखातली ही बाहुली तीन डॉलरला मिळे. १९८० पासून निरनिराळ्या देशांचे पोशाख घातलेल्या बाहुल्यांची एक मालिका तिच्या कंपनीने काढली, तीत १९८२ साली साडी नेसलेली भारतीय बाहुली आली. खोक्याला पुढून पारदर्शक कागदाची खिडकी होती आणि पाठीवर त्या त्या देशाची माहिती छापलेली असे. आम्ही मास्तर माणूस. बाहुलीपेक्षा खोक्याच्या पाठीवरचा मजकूरच आम्हांला अधिक मोलाचा वाटला. आम्ही ते खोके तसेच वर्गात नेले, तसेच परत आणले आणि कपाटात ठेवले. ते उघडावे असे मनातच आले नाही. पुढे बहीण वरचेवर एकेक देश पाठवू लागली आणि न उघडण्याची सवय झाली.

त्या सवयीला बाजारात फार मोठी किंमत आहे, हे आम्हांला मागाहून कळले. १९८८ साली त्याच कंपनीने नाताळसाठी लाल झग्यातली एक बाहुली काढली. मागणीच्या मानाने ती थोडी निघाली आणि तिची किंमत भराभर वाढली. ते पाहून लोक खेळण्यासाठी नव्हे, तर ठेवण्यासाठी बाहुल्या घेऊ लागले. २००४ पासून तर कंपनीने संग्राहकांसाठी बाहुल्यांच्या प्रतीच पाडल्या. गुलाबी पट्टीच्या बाहुलीला संख्येची मर्यादा नव्हती. रुपेरी पट्टीच्या जगभर जास्तीत जास्त पन्नास हजार. सोनेरीच्या पंचवीस हजार. आणि प्लॅटिनमच्या हजाराहूनही कमी. पन्नास हजार ही संख्या दुर्मिळ कशी, असा प्रश्न भूगोलाच्या मास्तरास पडतो. कित्येक तालुक्यांच्या गावांची लोकसंख्या तेवढी नसते. पण तो प्रश्न विचारायचा नसतो. शिवाय ‘दुर्मिळ’ म्हणून जे सगळेच जपतात ते दुर्मिळ राहत नाही. १९८८ नंतरच्या नाताळच्या बाहुल्या कंपनीने भरपूर काढल्या, लोकांनी त्या घराघरांत खोक्यांसह जपून ठेवल्या आणि आज त्या स्वस्तात मिळतात.

या मंडळींत वस्तूपेक्षा खोक्याची परीक्षा कडक असते. कोपरा दबला, किंमत उतरली. खिडकीला सुरकुती पडली, उतरली. दुकानाच्या किमतीची चिठ्ठी काढताना पुठ्ठ्याचा पापुद्रा निघाला, आणखी उतरली. आणि खोके उघडले तर मग विचारूच नये. आपल्याकडे मूर्ती खंडित झाली तर ती पूजेतून काढून पाण्यात सोडतात. तेथे देव्हाऱ्याचा टवका उडाला म्हणून मूर्तीचे मोल घटते! ही थट्टा आम्ही आज करीत आहो. परंतु तीस वर्षे आम्हीही तीच परीक्षा लावून आमची खोकी पुसत होतो, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या आईचे माहेर गोव्यातले, फोंडा महालातले. लग्न होऊन ती बेळगावी आली आणि इकडच्या रीतीप्रमाणे चैत्रगौर बसवू लागली. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसली, की अक्षय्य तृतीयेपर्यंत कोणत्या तरी एका दुपारी हळदीकुंकू ठरलेले. पायऱ्यांची आरास, कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. आराशीत गोकाकची लाकडी फळे असत, सावंतवाडीच्या चितार आळीतली रंगीत चूल-बोळकी असत आणि आईने स्वतः शिवलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या असत. अक्षय्य तृतीया झाली की हे सगळे जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत जाई आणि पुढच्या चैत्रात पुन्हा बाहेर येई. एखाद्या बाहुलीचा हात सुटलेला असला तर आई सुईदोरा घेऊन बसे. तिच्या संग्रहात न डागलेली एकही वस्तू नव्हती.

२०१४ सालचा चैत्र. आईचे वय शहाऐंशी झाले होते. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. उजेड कोणत्या बाजूला आहे एवढेच तिला समजे. आरास सुनेने मांडली होती आणि आई पायऱ्यांवरून हात फिरवून कोण कोठे बसले आहे ते पाहत होती. मध्येच थांबून तिने विचारले, “तुझी ती साडीवाली बावली कुठे आहे?”

आम्ही भारताचे खोके आणून तिच्या मांडीवर ठेवले. तिने खिडकीवरून बोटे फिरवली. तो कागद तिच्या बोटांखाली नुसता कुरकुरला.

“ती भितर कित्याक?” ती म्हणाली. आई मनातले बोलू लागली की कोकणीत शिरे. “तिका भायर काड. निऱ्या खऱ्या आहेत की शिवलेल्या, हात लावून बघते.”

आम्ही तिला समजावून सांगितले. खोके एकतीस वर्षे उघडलेले नाही. उघडले की मोल गेले. अशी न उघडलेली फार थोडी उरली असतील, इत्यादी. तिने ते सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “कवळ्याच्या जत्रेला देवीचे दागिनेसुद्धा पेटीबाहेर येतात रे.” तिच्या आवाजात राग नव्हता. आम्ही काही उत्तर दिले नाही. “बरे, असू दे,” असे म्हणून तिने खोके दोन्ही हातांनी उचलून आमच्याकडे दिले आणि ती पुन्हा गोकाकच्या आंब्याकडे वळली.

त्याच वर्षीच्या श्रावणात आई गेली.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही कपाटाकडे फारसे वळलो नाही. २०१६ च्या पावसाळ्यात बहिणीने एक पार्सल पाठवले. तीत १९८५ सालची जपानी बाहुली होती. तिने ती कोणा संग्राहकाकडून, अर्थातच न उघडलेली, मिळवली होती. पार्सल आले ते एका बाजूने साफ बसलेले. आतल्या खोक्याचा वरचा कोपरा चेपून आत गेला होता, खिडकी एका कडेने उसवली होती आणि पुठ्ठा ओलीने फुगला होता. कोणत्या मुलखात, कोणाच्या हातून हे झाले ते कळण्यास मार्ग नव्हता. आम्ही बहिणीला दूरध्वनी केला तेव्हा आमचा स्वर, ती पुढे म्हणाली, कोणी आजारी असल्यासारखा होता. “दादा, बाहुली नीट आहे ना?” तिने विचारले. बाहुलीकडे आम्ही अद्याप पाहिलेच नव्हते.

खोके दुरुस्त करण्यात तीन रात्री गेल्या. या कामात आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इतरांच्या होऊ नयेत म्हणून थोडे सांगतो. चिकटपट्टी कधीही लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून पुठ्ठ्यात मुरतो आणि ती काढावी तर छपाई तिच्याबरोबर निघते. आम्ही घाईने एक पट्टी लावली, तिची खूण अजून आहे. ओला पुठ्ठा निखाऱ्यावर किंवा उन्हात वाळवू नये, वाकतो व त्याचा रंग उडतो. सावलीत, दोन कोऱ्या कागदांमध्ये, वजनाखाली सावकाश वाळू द्यावा. चीर सांधायची ती आतल्या बाजूने, पातळ कागद आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ लावून; खळीला कसर लागते, म्हणून ती लावावी बेताची. बेळगावच्या हवेत बुरशी आणि कसर यांचा बंदोबस्त करावाच लागतो, परंतु डांबराच्या गोळ्या बाहुल्यांजवळ ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते. आम्ही वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवतो. आईच्या ट्रंकेतही तेच असे.

आतून सांधायचे म्हणजे बाहुली बाहेर काढणे आले. ती काढली, आणि तीस वर्षे आम्ही ज्या समजुतीवर चाललो होतो ती त्या रात्री मोडली. खोके बंद होते म्हणून बाहुली सुरक्षित असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. तिला जागेवर धरून ठेवण्यासाठी मनगटाला आणि केसांना बारीक रबरे लावलेली होती. ती विरघळून चिकट झाली होती आणि किमोनोच्या बाहीवर तपकिरी डाग उमटला होता. पाय हाताला तेलकट लागत होते. जाणकारांना हे ठाऊक आहे. प्लॅस्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते कालांतराने बाहेर पाझरते, आणि बंद, उबट जागेत ते तसेच अंगावर साचते. अगदी पहिल्या बार्बींच्या कानांतल्या धातूच्या कुड्यांनी त्यांचे कान हिरवे पडले, तेही असेच नुसते बसल्या बसल्या. खोके चेपले नसते, तर आम्ही हा डाग आणखी वीस वर्षे जपला असता.

बाहुली जपानी होती याचीही आम्हांला मौज वाटली. जपानात ३ मार्चला मुलींचा सण असतो. राजा, राणी व दरबारी अशा बाहुल्या तांबड्या वस्त्राने झाकलेल्या पायऱ्यांवर मांडतात. आपल्या आराशीची बहीणच ती. सण संपताच त्या लगोलग परत ठेवाव्या लागतात, नाही तर घरातल्या मुलींची लग्ने लांबतात अशी समजूत आहे. त्यांच्या पेट्या ‘किरी’ नावाच्या हलक्या लाकडाच्या असतात, ओल आत येऊ देत नाहीत. हा धडा आम्ही वर्गात कित्येक वेळा दिला आहे. दरवर्षी पेटी उघडली जाते, हे वाक्य उच्चारताना आम्हांला कधी काही वाटले नव्हते.

२०१७ च्या चैत्रात ती जपानी बाहुली, डागासह, गौरीपुढच्या तिसऱ्या पायरीवर गोकाकच्या आंब्याशेजारी बसली. शेजारच्या एका पाच वर्षांच्या मुलीने तिला उचलले, तिचा हात वर केला, खाली केला आणि विचारले, “आजोबा, हिला पन्हे देऊ?” सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही होय म्हटले. किमोनोवर आता दुसराही एक डाग आहे.

येथवर वाचून वाचकांची अशी समजूत व्हायची, की आम्ही सुधारलो. तसे झालेले नाही. पुढच्या एकदोन वर्षांत आम्ही एकेक करून बाकीची सगळी खोकी आतल्या घडीकडून हलक्या हाताने उघडली, रबरे कातरून काढली, थोडी हवा दिली आणि बाहुल्या पुन्हा आत ठेवल्या. त्यांपैकी चार-पाच दर चैत्रात आराशीत येतात. फक्त भारताचे खोके उघडलेले नाही. ते उघडणे सर्वांत आधी जरूर आहे हे आम्ही जाणतो. तेच सर्वांत जुने आहे आणि आतली रबरे केव्हाच वितळली असतील. दर वर्षी ते कपाटातून काढून मेजावर ठेवतो. कातरी घेतो. जिने मागितले तिला दिले नाही, मग आता हे कोणासाठी उघडावयाचे, असे मनात येते आणि खोके पुसून परत जाते.

येत्या चैत्राला धाकटी बहीण येणार आहे. तिने पाठवलेली ही पहिली बाहुली. तिच्या हातून उघडावी असे तिला कळवले. तिचे उत्तर आले, “दादा, ते तूच उघडायचे. मी समोर बसेन.” खोके सध्या मेजावर आहे. खिडकीतून साडीचा काठ दिसतो, पदर दिसतो. निऱ्यांवर मात्र पुठ्ठ्याची पट्टी आली आहे. त्या खऱ्या आहेत की शिवलेल्या, हे आम्हांला अजून ठाऊक नाही.