तुंबाडची आजी आणि आमची आत्या

परवा नातू सुट्टीला आला होता. "आजी, तुला पुण्याचा सिनेमा दाखवतो," म्हणाला आणि टीव्हीवर 'तुंबाड' लावून दिला. आता भुताखेतांचे सिनेमे बघायचं माझं वय राहिलंय का? शाळेत मुलांच्या दप्तरांतून नारायण धारपांची पुस्तकं जप्त करणारी मी बाई! (त्यातली दोन-तीन रात्री घरी नेऊन वाचली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.) आणि नातू सांगतो काय, तर या सिनेमाची कल्पना दिग्दर्शक राही बर्वे यांना धारपांच्याच 'आजी' या गोष्टीवरून सुचली. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. म्हटलं, बघूया तर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. 2018 साली आला तेव्हा फारसा चालला नाही, 2024 मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. कोकणातला सतत पावसात भिजणारा वाडा, त्यात साखळदंडांनी बांधलेली एक भयंकर म्हातारी, आणि हस्तर नावाचा शापित देव. त्याला सोनं मिळालं, पण धान्य कधीच मिळालं नाही. म्हणून तो पिठासाठी वखवखलेला. नायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरतो, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवतो. आणि त्या खर्च कुठे करतो? आमच्या पुण्यात! निम्म्या पेठा कोकणातूनच आलेल्या, तेव्हा ते पटलंच.

गोष्ट 1918 ते 1947 या काळातली. देश स्वतंत्र होतो, पण नायकाच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की वाडा आता सरकारजमा होणार. हे मला फार आवडलं. हाव म्हणजे वाईट, हे तर कुठलंही कीर्तन सांगतं. इथे ती हाव बापाकडून मुलाकडे जाते, अगदी शिकवणी लावल्यासारखी. विहिरीत कसं उतरायचं ते बाप मुलाला शिकवतो, आणि मुलगा बापाच्याही पुढे जातो.

पण मी अडकले ते त्या म्हातारीपाशी. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की ती आतल्या खोलीत आहे. तिला वेळेवर भरवायचं, हस्तरची भीती घालून झोपवायचं, बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

आमच्या कोकणातल्या घरी माजघरामागे अशीच एक काळोखी खोली होती. तिथे वडिलांची आत्या राहायची. दहाव्या वर्षी विधवा झालेली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण, दिवसातून एकदाच जेवण. मी तिला पाहिली ती 1955-56च्या सुमाराला, तेव्हा ती साठीच्या पुढे असेल. आम्ही मुलं दंगा करायला लागलो की मोठी माणसं म्हणायची, "गप्प बसा, नाहीतर आत्या येईल हं!" आम्ही खरंच घाबरायचो. तिनं हाक मारली तरी पळून जायचो. ती आम्हाला काय सांगणार होती, कोण जाणे.

बी.ए.ला 'पण लक्षात कोण घेतो' होतं. यमूच्या केशवपनावर मी चांगला चार पानी निबंध लिहिला होता, सरांनी वर्गात वाचून दाखवला. तेव्हा आत्या आठवली नाही हो! हरिभाऊंनी सगळं स्पष्ट लिहिलंय, म्हणूनच बहुधा ती 'त्या काळातली' गोष्ट वाटली. आणि पन्नास वर्षांनी एका भुताच्या सिनेमात ती साखळदंडातली म्हातारी पाहिली आणि मला घाम फुटला. नातवाला वाटलं, मी घाबरले.

पुढचं लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. नातेवाईक वाचतात, रागावतील. तर आत्याचं स्त्रीधन होतं. पुतळ्यांची माळ, गोठ, अजून काय काय. विधवेला दागिने कशाला, म्हणून ते घरानं ठेवून घेतलं. त्यातलं काही वडिलांच्या शिक्षणाला मोडलं, काही आटवून आईच्या पाटल्या केल्या. आईनंच मला हे सांगितलं होतं, अगदी सहज, पाटल्या माझ्या हातात घालताना. हस्तरला सोनं मिळालं, धान्य नाही. आमच्या आत्याचं सोनं गेलं आणि ताटात भातसुद्धा मोजून पडायचा.

सिनेमा संपल्यावर नातवानं विचारलं, "आजी, तुमच्या त्या आत्याचं नाव काय होतं?"

मला ठाऊक नाही. चिपळूणला चुलतभावाला फोन केला, त्यालाही ठाऊक नाही. घरची छापील वंशावळ काढून पाहिली. तीत बायकांची नावंच नाहीत.

पाटल्या मी हातातून काढून डब्यात ठेवल्या आहेत. सून दोनदा म्हणाली, हात ओके दिसतात. तिला अजून काही सांगितलेलं नाही. आता हे वाचूनच कळेल.