हायड्रॉलिक टॅपेट आणि बोटांना कळणारं शून्य

"सर, हायड्रॉलिक म्हणजे ऑटोमॅटिकच ना? मग सेटिंग कसलं?" आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी येतो. प्रश्न चांगलाच आहे.

साध्या टॅपेटचं गणित सोपं. धातू तापला की वाढतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये बारीक फट ठेवायची. किती, ते पुस्तकात असतं. फिलर गेजची पट्टी सरकवून मोजता येतं. हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये ही फट तेल भरून काढतं. आत छोटा प्लंजर, त्याखाली मऊ स्प्रिंग आणि एक झडप. वर्गात मी पाण्याने भरलेली, बिनसुईची सिरिंज देतो. तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलत नाही! कॅम लिफ्टरला उचलतो तेव्हा तेल असंच कोंडतं आणि लोखंडासारखं वागतं. कॅमचा उंचवटा सरला की झडप उघडते, कमी पडलेलं तेल आत येतं. (विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग सातवी-आठवीलाही जरूर करावा.)

पण प्लंजरची धाव थोडीच. तो मधोमध बसवला तरच त्याला वर-खाली व्हायला जागा राहते. आजच्या बऱ्याच इंजिनांत ते कारखान्यातच ठरलेलं असतं. काही जुन्या अमेरिकन व्ही-एटमध्ये मात्र नट फिरवून ठरवावं लागतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली शेवरोले इम्पाला आली, तेव्हा तुकडीला तिथेच नेलं.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणला की सोळापैकी आठ व्हॉल्व्ह सेट होतात, क्रँक एक फेरा फिरवला की उरलेले आठ. नट सैल करायचा, पुशरॉड दोन बोटांत धरून वर-खाली हलवत नट हळूहळू आवळायचा. खेळ संपला तिथे शून्य. त्यापुढे मॅन्युअलप्रमाणे एक फेरा. बरेच मिस्त्री अर्ध्यावरच थांबतात. नटाचे आटे इंचाला 24, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 1.06 मिलिमीटर. हा भागाकार मुलांकडूनच करून घेतो.

गोची शून्यातच आहे. बहुतेक मुलं पुशरॉड गोल फिरवत राहतात आणि तो फिरेनासा झाला की "झालं सर" म्हणतात. तोवर आतली स्प्रिंग दबलेली असते, शून्य मागे राहिलेलं असतं. वर आणखी फेरा दिला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर जळतोच, कारण सीटवर टेकल्यावरच त्याची बहुतेक उष्णता बाहेर पडते. लेखी पेपरात "एक फेरा" लिहून गुण मिळतात. शून्य कुठे, हे पेपर विचारत नाही.

या तुकडीत एकच मुलगी आहे. तिचे वडील ट्रेड बदलायचा अर्ज लिहून घेऊन आले होते. "पोरीला गॅरेजवर कोण ठेवणार, सर? शिवणकाम बरं." मला ते अगदीच चुकीचं वाटलं नाही; गॅरेजमालक मीही ओळखतो. म्हटलं, अर्ज सध्या खिशात ठेवा, शनिवारी गॅरेजवर या.

तिने पहिल्याच व्हॉल्व्हला शून्य पकडलं. कसं, विचारलं तर म्हणाली, "आईच्या मशीनचं टेन्शन लावतो तसंच आहे, सर. दोरा ओढून बघायचा, स्क्रूकडे नाही बघायचं." मग मुलांनी आवळलेले दोन नट तिने सोडून पुन्हा लावले. मुलं जरा फुरंगटली, पण बघत होती.

इंजिन चालू केलं. लिफ्टर तेलाने भरत गेले तसा आवाज विरला, एक टकटक मात्र राहिली. रबरी नळी कानाला लावून तिने जागा शोधली: सहावा सिलिंडर, एक्झॉस्ट. सेटिंग पुन्हा तपासलं, बरोबर होतं. एक मुलगा म्हणाला, "अजून थोडा आवळ, आवाज जाईल." ती म्हणाली, "शून्य बरोबर आहे, मग नट का आवळायचा? लिफ्टरच तेल धरत नसणार."

वडील स्कूटरला टेकून उभे होते. निघताना एवढंच विचारलं, "हा पार्ट मिळतो का इकडे?" नवा लिफ्टर मागवला आहे. त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड उघडावा लागेल, आणि त्या कामाला तीच जाणार आहे. अर्ज अजून माझ्या टेबलावर आलेला नाही.